पट्टीच्या दुसऱ्या टोकाला

दादाचा पाय मुरगळला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ अंतिम रेषेपलीकडच्या टेबलाशी उभा राहून केळी अर्धी अर्धी कापत होता.

धाकट्याला धावण्याच्या क्लबात सगळे ‘सावकाश’ म्हणायचे. हे नाव त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. जिना उतरणाऱ्याला, गाडी मागे घेणाऱ्याला, वाफाळता कप उचलणाऱ्याला, सगळ्यांना तो हा एकच शब्द ऐकवी. पोटापाण्यासाठी तो औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहायचा आणि तिथं हा स्वभाव कामाचा होता. जाड चष्म्यातून चिठ्ठी वाचायची, डबी काढून पुन्हा वाचायची, गिऱ्हाईक दारापर्यंत पोचलं की हाक मारून आणखी एकदा विचारायचं, “जेवणानंतर म्हटलंय, लक्षात आहे ना?” लोक हसत, पण दुकान बदलत नसत. दुकानाबाहेर मात्र हाच स्वभाव त्याच्या मानगुटीवर बसलेला असे. घरून निघाला की कुलूप ओढून बघायला दोनदा परत जायचा.

दादाचं सगळं उलट. सायकली दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा त्याचा जीव क्लबात जास्त. वर्षातून एकदा येणाऱ्या शर्यतींच्या शनिवार-रविवारी तर त्याचे पाय जमिनीला लागत नसत. शनिवारी छोट्या शर्यती, रविवारी सकाळी दहा किलोमीटरची मोठी. शनिवारी पन्नाशीपुढच्यांच्या शर्यतीत दादा चक्क दुसरा होता. शेवटच्या वळणावर कुणी ओळखीचं दिसलं, दादानं मागे वळून दोन्ही हात हलवले आणि फुटपाथच्या कडेवरून त्याचा पाय सटकला.

“काही नाही! काही नाही!” दादा जमिनीवरूनच ओरडला. तो हसत होता.

सावकाश हातातली सुरी टाकून धावला. संध्याकाळपर्यंत तो पाय पावासारखा फुगला होता आणि दादा अजूनही ‘काही नाही’ म्हणत होता.

प्रश्न दादाच्या पायाचा नव्हताच. प्रश्न वहिनींचा होता.

वहिनींची नजर तिशीपासून हळूहळू जात गेली आणि चाळिशीच्या आत पुरती गेली. त्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसायच्या. दिवसभर लोक फुटलेल्या नळांचा राग त्यांच्यावर काढायचे आणि त्या सगळ्यांना शांतपणे गल्ली, घर, मजला विचारत राहायच्या. संध्याकाळी मात्र त्या धावायच्या. कापडी पट्टीच्या एका टोकाचं वेटोळं त्यांच्या हातात, दुसऱ्या टोकाचं दादाच्या हातात, आणि दोघं एकाच तालात तळ्याकाठी. गेल्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत त्या पडल्या होत्या. मनगट मोडलं, पुढचा दात गेला. घरात सांगायची पद्धत अशी की पायाखाली दगड आला. त्यानंतर वर्षभर त्यांनी तयारी केली होती, ती उद्याच्या रविवारसाठी.

“उद्या हा धावेल तुझ्याबरोबर,” दादा सोफ्यावर पाय लांब करून म्हणाला आणि भावाकडे बोट दाखवलं.

सावकाश सोफ्यापासून मागे सरकला. “मी? दादा, मी कधी शर्यतीत धावलोय का?”

“दर रविवारी एकटा एवढंच अंतर धावतोस की.”

“एकटा धावतो. पडलो तर मी एकटा पडतो.”

वहिनी खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या काढून पुन्हा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “भावजी, नको असेल तर सरळ नाही म्हणा. मी उद्या घरी बसेन आणि दिवसभर तुमच्या भावाशी भांडेन, दुसरं काय.”

त्याला नाहीच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण वहिनींनी नाडीचं टोक भोकातून ओढलं, दोन्ही बाजू बोटांनी मापून सारख्या केल्या, बूट शेजारी जोडीनं ठेवला, आणि त्याच्या तोंडून निघालं, “बरं. येतो मी.”

रात्री झोप कसली लागतेय. पहाटे तो उठला तेव्हा मानेला रग लागली होती आणि तोंड कडू झालं होतं.

सकाळी क्लबाच्या हॉलबाहेर गर्दी होती. क्लबाच्या सेक्रेटरी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत. बाकीच्यांनी वाट द्यावी म्हणून बाईंनी वहिनींच्या आणि त्याच्या अंगात पिवळी जाकिटं चढवली आणि सावकाशच्या पाठीवर थाप मारली. “चेहरा काय असा केलायस? दवाखान्यात निघालायस का?” दादा घडीच्या खुर्चीत बसून, दुखरा पाय पालथ्या क्रेटवर टाकून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत होता.

वहिनी सावकाशला बाजूला घेऊन गेल्या. “डावं, उजवं, चढ, उतार, पायरी. एवढे शब्द पुरतात. पट्टी ओढायची नाही, नुसती धरायची. आणि बोलणं थांबवायचं नाही. तुम्ही गप्प झालात की मला वाटतं रस्ता संपला.”

शिटी वाजली.

पहिला टप्पा बंगल्यांच्या रस्त्यानं होता, रुंद आणि सपाट. तरी सावकाशच्या तोंडाची टकळी सुरू झाली ती थांबेना. “डावीकडे गटाराचं झाकण आहे, म्हणजे लांब आहे, पण बघा. पुढे एक जण हळू झालाय, तो थांबेल बहुतेक. फांदी आहे. वर आहे, लागणार नाही. पण लागू शकते. सावकाश. कुत्रा आहे. बांधलेला आहे, पण साखळी लांब वाटते. सावकाश, वहिनी, सावकाश!”

प्रत्येक ‘सावकाश’बरोबर त्याचा हात आखडायचा, पट्टी ताणली जायची आणि वहिनींचं पाऊल चुकायचं. मागचे लोक दोन्ही बाजूंनी पुढे निघून जात होते. चौकातलं वळण घेताना वहिनी थांबल्याच.

“भावजी.”

“काय झालं? लागलं का कुठे?”

“काही लागलं नाही. समोर काय आहे ते सांगा. काय होईल ते नका सांगू. तुमचं ऐकून मला आत्तापर्यंत कुत्रा चावलाय, फांदी लागलीय आणि मी गटारात पडलेय. आणि आपण अजून पहिल्या चौकातच आहोत.”

तो ओशाळला. “चुकलं.”

“चुकलंबिकलं काही नाही. चला.”

मग त्यानं जीभ आवरायचा प्रयत्न केला. वाटलं होतं त्याहून ते अवघड निघालं. डोळ्याला खड्डा दिसायच्या आधी मनाला मोडलेला पाय दिसायचा. मनाला बाजूला सारून नुसतं ‘खड्डा, उजवीकडून’ म्हणायचं म्हणजे घाम फुटायचा. पण शाळेची भिंत मागे पडेपर्यंत थोडं थोडं जमू लागलं. “वळण, डावं. चढ. सपाट.” पट्टी सैल झाली. दोघांची पावलं एकत्र पडायला लागली, आणि त्याच्या लक्षात आलं की वहिनींचा श्वास त्याच्यापेक्षा कितीतरी शांत आहे.

गोदामांच्या मागच्या रस्त्याला माणसं विरळ झाली. तिथं वहिनी बोलल्या.

“तुम्ही फार सांगता, पण खरं सांगता. तुमचा भाऊ उलट. मला भीती वाटू नये म्हणून त्याचा रस्ता कायम मोकळा असतो.”

“म्हणजे?”

“गेल्या वर्षी दगडबिगड काही नव्हता, भावजी. रस्ता खोदलेला होता. त्याला लांबूनच दिसला होता. पण मी छान लयीत होते, म्हणून म्हणाला, मोकळा आहे, पळ. त्याला वाटलं, ऐन वेळी बाजूनं काढू. वाईट हेतू नव्हता हो त्याचा. पण तेव्हापासून त्यानं मोकळा म्हटलं की माझे पाय आखडतात. आणि हे मी त्याला सांगू शकत नाही. त्याचं तोंड एवढंसं होईल, ते मला न बघताही कळेल.”

दादाच्या दगडावर सावकाशनं वर्षभर विश्वास ठेवला होता. हाच दगड त्यानं दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगितला होता. तो वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, त्यांच्या त्या बसवलेल्या दाताकडे, आणि तेवढ्यात उतार लागला.

उताराच्या मध्यावर गतिरोधक होता. वहिनींसाठी तो त्यानं आधीच पाहून ठेवला होता. “उंचवटा!” असं तो म्हणालाही. वहिनींनी पाऊल उचलून तो पार केला. स्वतःचं पाऊल उचलायचं मात्र तो विसरला.

तो पालथाच पडला. छातीतली हवा एकदम निघून गेली. पट्टीचं वेटोळं हातातून सुटलं, काहीतरी चिरडल्याचा आवाज झाला आणि समोरचा रस्ता धुरकट झाला.

वहिनी चार पावलं पुढे जाऊन थांबल्या. पट्टी त्यांच्या हातातून मोकळीच लोंबत होती. उतरत्या रस्त्याच्या मधोमध त्या एकट्या उभ्या होत्या.

“भावजी?”

तो तोंड उघडत होता, पण आवाज निघत नव्हता. मागून बुटांची धाडधाड ऐकू येत होती. एक मोठा घोळका वळणावरून उताराला लागला होता. वहिनींनी दोन्ही हात पुढे धरले. एकदा इकडे तोंड केलं, एकदा तिकडे. कुठल्या दिशेनं धावत होतो तेच आता त्यांना कळत नव्हतं, हे त्याला जमिनीवरूनही कळलं.

“भावजी, बोला! बोला ना!”

त्यानं जीव खाऊन श्वास ओढला. “इथे! तुमच्या मागे. खाली. मी पडलोय. हलू नका, माणसं येतायत!” मग घोळक्याकडे तोंड करून तो बेंबीच्या देठापासून ओरडला, “बाजूनं! बाजूनं जा!”

घोळका फाटला आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली वाहत गेला. वारा लागावा इतक्या जवळून. कुणीतरी पळता पळताच विचारलं, “ठीक आहात का? पुढे कळवतो!” आणि उत्तर ऐकायला तो थांबला नाही.

पावलं दूर गेल्यावर वहिनी आवाजाच्या रोखानं वळल्या आणि एक एक पाऊल घासत त्याच्याजवळ आल्या. खाली बसून त्यांनी त्याचा खांदा चाचपला, मग कोपर, मग गुडघा. गुडघ्याशी त्यांची बोटं ओली झाली.

“मोडलंय का काही?”

“नाही. खरचटलंय फक्त.”

त्यानं हातानं रस्ता चाचपला. चष्मा सापडला. एका बाजूची काच नव्हतीच, दुसरीला तडे गेले होते. तो लहानपणापासून जाड काचा वापरायचा. त्यांच्याशिवाय दुकानातल्या फळीवरच्या डब्याही त्याला ओळखता आल्या नसत्या.

“मग उठा की,” वहिनी म्हणाल्या. “काय झालं? गप्प का झालात?”

‘काही नाही’ हे दोन शब्द त्याच्या ओठांवर अगदी तयार होते. किती सोपे होते ते. वहिनी निर्धास्त धावल्या असत्या, आणि उरलेला रस्ता कसाबसा त्यानं काढलाच असता. काढला असता का?

“वहिनी, माझा चष्मा फुटलाय.”

त्यानं फुटकी चौकट त्यांच्या हातात दिली.

“रस्ता दिसतो. रस्त्यातलं काही दिसत नाही. माणूस दिसतो, पण कोण ते कळत नाही. खड्डा तर पायात आल्यावरच कळेल. मी तुम्हाला नेऊ शकत नाही. आपण इथंच थांबू, कुणाला तरी बोलावू.”

वहिनींच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते त्याला धड दिसतही नव्हतं. मग त्याला त्यांचं हसू ऐकू आलं. आधी नाकातून, मग खो खो.

“हसताय काय?”

“म्हणजे क्लबानं मला आंधळ्याच्या हाती दिलं!” त्यांनी डोळे पुसले. “परत जायचं झालं तर किती आहे?”

“जेवढं पुढे आहे तेवढंच मागे.”

“मग पुढेच जाऊ. हळू जाऊ. तुम्हाला जे दिसतं ते सांगा, नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणा. बाकीचं मी ऐकते.”

त्यानं पुन्हा पट्टी धरली. गुडघा ठणकत होता आणि जीव टांगणीला लागला होता, पण एक गोष्ट विचित्र होती. आता पुढचं दिसतच नसल्यामुळे त्याच्या मनाला चघळायला काही मिळत नव्हतं.

कालव्यावरच्या अरुंद पुलाशी पायऱ्या होत्या. त्याला तिथं नुसता एक राखाडी उतार दिसला. “पायऱ्या आहेत. कडा दिसत नाहीत मला.”

“कठडा?”

“उजवीकडे.”

वहिनींनी कठडा धरला आणि त्या पुढे झाल्या. बुटाच्या टोकानं कड शोधायची, टाच टेकवायची, मग दुसरा पाय. “आली एक. अजून एक. ही तुटकी आहे, आतून या.” सावकाश त्यांच्या मागून त्यांच्या खांद्याला धरून उतरला. दुकानात आज्जीआजोबांना दारापर्यंत सोडताना ते त्याचं मनगट का एवढं घट्ट धरतात, ते त्याला तिथं कळलं.

बाजाराच्या रस्त्यावर त्यानं पट्टी दाबली. “पुढे केशरी काहीतरी आहे. माणूस आहे की खांब, सांगता येत नाही.”

“माणूस असेल तर सरकेल.”

ते सरकलं नाही. तो रस्ता अडवायला ठेवलेला प्लास्टिकचा शंकू होता आणि सावकाशच्या मांडीला आपटून तो गडगडत गेला. वहिनी हसून हसून वाकल्या. त्यालाही हसू फुटलं, पण दुसऱ्याच क्षणी मागून मोटारीचा आवाज आला. वहिनींनी त्याला कोपरानं कडेला ढकललं. “रस्ता बंद आहे ना आज?” “बंद असायला हवा,” तो म्हणाला. मोटार गेली. ती क्लबाचीच होती, मागे राहिलेल्यांना शोधत पुढे निघालेली, आणि ही दोघं कडेला दुकानाच्या छपराखाली दबल्यामुळे कुणाला दिसली नव्हती.

शर्यत संपायची त्या क्लबाच्या मैदानाचं फाटक जवळ आलं तेव्हा रस्ता मोकळा होता, म्हणजे निदान त्याला तरी तसा वाटला. मग फाटकातून एक उंच आकृती त्यांच्याकडे येऊ लागली. ती विचित्र उड्या मारत होती. तिच्यामागून दुसरी बुटकी आकृती शिटी वाजवत धावत होती.

“कुणीतरी येतंय,” सावकाश म्हणाला. “एका पायावर येतंय.”

वहिनींनी कान दिला. “हा त्याचा श्वास आहे.”

दादाच होता. लंगडत, उड्या मारत, घामानं निथळत तो त्यांच्यापर्यंत आला आणि त्यानं वहिनींचे दोन्ही हात धरले. चेहरा, मनगटं, कोपरं, गुडघे, सगळं तो हातांनी तपासत होता. “काय झालं? कोण पडलं? येणारा प्रत्येक जण सांगतोय, पिवळ्या जाकिटातलं कुणीतरी पडलंय. कोण ते कुणी सांगेना! रक्त होतं म्हणाले! मोटार पाठवली, तर म्हणतात रस्त्यावर कुणीच नाही! मी... मला कुणी काही सांगतच नव्हतं!” त्याचा आवाज चिरकला. आयुष्यात कधी नव्हे ते सावकाशनं थोरल्या भावाला रडवेलं होताना ऐकलं.

बाई धापा टाकत पोचल्या. “अरे, त्या पायावर नको म्हणून सांगून दमले मी!”

वहिनींनी त्याचे हात धरून थांबवले. मग त्यांनी दादाच्या गालावर हात ठेवला. “भावजी पडले. गुडघा फुटला, चष्मा गेला. मला काही झालेलं नाही. एवढंच आहे, यातलं काही मी लपवलेलं नाही.” त्यांचा अंगठा त्याच्या गालावर तसाच होता. “नाही सांगितलं की कसं होतं, बघितलंस ना?”

दादानं मान खाली घातली. त्याला दगड आठवला असेल का, ते सावकाशला धूसर दिसणाऱ्या त्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण दादा ‘काही नाही’ म्हणाला नाही.

“बघितलं,” एवढंच तो म्हणाला.

“तू बस आता खाली. बाई, ह्याला धरा. भावजी, चला, अजून आपली शर्यत संपलेली नाही.”

ती संपली तेव्हा मैदानात मोजकीच माणसं उरली होती. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी केळी आणून दिली. वहिनी गवतावर आडव्या झाल्या आणि बराच वेळ आकाशाकडे तोंड करून पडून राहिल्या. सावकाशच्या गुडघ्यावर बाईंनी औषध लावलं, तर सवयीनं त्यानं बाटली डोळ्यांशी नेऊन तारीख वाचायचा प्रयत्न केला. वाचता आली नाही. तरी त्यानं लावू दिलं.

दुपारी तिघं दवाखान्यात होती. दादाच्या घोट्याच्या हाडाला चीर गेली होती. त्यात सकाळच्या उड्यांची भर. प्लास्टर झालं आणि परिचारिकेनं चाकाची खुर्ची आणून दिली. “दारापर्यंत कुणीतरी ढकला,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सावकाशनं खुर्ची धरायला हात पुढे केला तो भिंतीला लागला. वहिनींनी त्याला हळूच बाजूला सारलं आणि खुर्चीच्या मुठी धरल्या. “मी ढकलते. वाट कोण सांगणार?”

“मी सांगतो,” दादा म्हणाला.

खुर्ची हलली. लांबलचक मार्गिका होती, दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर माणसं. दादानं दोन्ही हातांनी खुर्चीची कडा घट्ट धरली होती.

“सरळ,” तो म्हणाला. “डावीकडे बादली आहे. फरशी ओली आहे, थोडी, हातभर. उजवीकडनं घे. अगं, थांब. एक बाई पाय पसरून बसल्या आहेत. हां, घेतले आत त्यांनी. चल. पुढे दार आहे, काचेचं आहे. बंद आहे. नाही, नाही, कुणीतरी उघडलं. त्याच्यापुढे...” तो पुढे वाकला, नीट बघून खात्री करून घेतली. “पायरी नाही. उतार आहे. जरा जास्त आहे, मला भीती वाटतेय.”

“मग हळू घेऊ,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मुठी मागे ओढून धरल्या. सावकाश शेजारून चालत होता. त्यानं तोंड उघडलं होतं, पण त्याला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.